कोकण किनाऱ्यावरील इस्लामी विद्या आणि संस्कृतीचे जतन : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

कोकणातील मुस्लिम घराणी, मशिदी, दर्गे आणि जुने मक्तब (मुलांच्या धार्मिक शाळा) यांच्याकडे टिकून राहिलेल्या लिखित व मौखिक ठेव्याची नोंद, जतन आणि अभ्यास करणे हे आमच्या संशोधन केंद्राचे काम आहे. घरभेटींत, जमातीच्या बैठकांत आणि महाविद्यालयांतील व्याख्यानांनंतर आम्हाला जे प्रश्न पुन्हा पुन्हा विचारले जातात, त्यांची उत्तरे येथे दिली आहेत.

केंद्र नेमके कशाचे जतन करते?

अरबी, फारसी, उर्दू आणि दखनी हस्तलिखिते, शिळाप्रेसवर (दगडावरून) छापलेले ग्रंथ, काझी आणि खतीब (मशिदीत खुतबा वाचणारे) घराण्यांच्या सनदा, इनामाचे कागद, निकाहाच्या वह्या, मशिदींचे हिशेब, कबरींवरील व मशिदींवरील लेख, आणि त्याबरोबरच कोकणी मुसलमानी बोलीतील लग्नगीते, म्हणी व दर्यावर्दी शब्द यांची नोंद आम्ही करतो. धर्मग्रंथ तेवढे मौल्यवान आणि बाकीचे रद्दी, असा समज अनेक घरांत असतो. आमचा अनुभव याच्या उलट आहे. कुराण शरीफच्या सुंदर प्रती कोणीही जपतो, परंतु गलबताच्या मालाची यादी, मशिदीच्या विहिरीचा खर्च किंवा मेहेरची (निकाहात वराने वधूला द्यायची) रक्कम लिहिलेला चिटोरा सर्वांत आधी चुलीत जातो, आणि त्या काळचे जगणे नेमके अशा कागदांतून कळते.

कोकणासारख्या किनारपट्टीवर जतन करण्याजोगी इस्लामी विद्या खरोखरच होती का?

होती, आणि तिचा पुरावा हजार वर्षांहून जुना आहे. अरब प्रवासी अल-मसूदी हिजरी ३०४ मध्ये, म्हणजे इ.स. ९१६ च्या सुमारास, सैमूर येथे, म्हणजे आजच्या चौलला, आला होता. तेथे सुमारे दहा हजार मुसलमान राहत असल्याचे, त्यांत सिराफ, ओमान, बसरा आणि बगदाद येथून आलेले लोक तसेच याच भूमीत जन्मलेली त्यांची संतती असल्याचे आणि त्यांच्या व्यवहारांचा निवाडा करण्यासाठी त्यांच्यापैकीच एक प्रमुख नेमलेला असल्याचे त्याने नोंदवले आहे. यानंतर दहा वर्षांनी कोरलेला चिंचणीचा ताम्रपट शके ८४८ चा, म्हणजे इ.स. ९२६ चा आहे. राष्ट्रकूट राजा तिसरा इंद्र याच्या वतीने संजाण मंडळाचा कारभार पाहणाऱ्या मधुमती या ताजिक, म्हणजे अरब, अधिकाऱ्याचे नाव त्यात येते. मधुमती हे मुहम्मद या नावाचे संस्कृत रूप मानले जाते. त्याने नद्यांवर तरीची, म्हणजे उतारासाठी होड्यांची, सोय केली, अन्नछत्र घातले आणि एका हिंदू मठाला दान देण्यास संमती दिली, हे सर्व त्या संस्कृत लेखात आहे. कोकणातील मुस्लिम इतिहासाचा इतका जुना कागद संस्कृतात असावा आणि तो तांब्यावर कोरलेला असावा, ही गोष्ट अभ्यासकाने विसरू नये.

विद्येचे म्हणाल तर माहीमचे मखदूम अली माहिमी (१३७२ ते १४३१) यांचे नाव पुरेसे आहे. किनाऱ्यावरील नवाइत समाजात जन्मलेल्या या विद्वानाने कुराणावर अरबीत संपूर्ण भाष्य लिहिले आणि ते एकोणिसाव्या शतकात कैरोच्या बुलाक छापखान्यात छापले गेले. त्यांच्या दर्ग्यावरील उरुसाची गर्दी सर्वांना ठाऊक आहे, परंतु त्यांचा ग्रंथ पाहिलेले लोक फार थोडे आढळतात. याखेरीज दाभोळ हे बहमनी आणि आदिलशाही काळातील मोठे बंदर होते. तेथून हज यात्रेकरू, घोडे, कापड आणि अर्थातच पुस्तके ये-जा करीत. मुरूड-जंजिऱ्याचे सिद्दी संस्थान तर १९४८ पर्यंत टिकले, आणि त्याच्या अमलातील गावांत आजही कागदपत्रे निघतात.

कोकणी मुसलमानांचे ग्रंथ उत्तर भारतातील ग्रंथांपेक्षा वेगळे असतात का?

पुष्कळदा असतात. सुन्नी धर्मशास्त्राच्या चार परंपरांपैकी भारतातील बहुसंख्य सुन्नी मुसलमान हनफी आहेत, तर कोकणी मुसलमान मलबारच्या आणि भटकळच्या मुसलमानांप्रमाणे शाफई मताचे आहेत. येमेन, हद्रामौत आणि हिंदी महासागरातील इतर किनाऱ्यांशी असलेल्या संबंधांचा हा वारसा आहे. त्यामुळे येथील जुन्या संग्रहांत इमाम नववी यांचा ‘मिन्हाज’ किंवा सोळाव्या शतकात मलबारच्या झैनुद्दीन मखदूम यांनी लिहिलेला ‘फत्हुल मुईन’ यांसारखे शाफई फिकहचे (धर्मशास्त्राचे) ग्रंथ भेटण्याची शक्यता अधिक असते. एखाद्या गावात असा ग्रंथ सापडला की तो कोठून आला, कोणाकडे शिकवला गेला आणि समासातल्या टिपा कोणाच्या हातच्या आहेत, हे प्रश्न आम्हाला ग्रंथाच्या मजकुराइतकेच महत्त्वाचे वाटतात.

हे काम केवळ मुस्लिम अभ्यासकांसाठी आहे का?

नाही, आणि तसे ते कधी नव्हतेही. पुण्याच्या भारत इतिहास संशोधक मंडळात ग. ह. खरे यांनी ‘ऐतिहासिक फारसी साहित्य’ संपादित केले, आणि सेतुमाधवराव पगडी यांनी फारसी साधनांचा आयुष्यभर अभ्यास केला. आदिलशाही कागदांत मथळा फारसीत आणि खालचा मजकूर मोडी मराठीत, अशी जोडी वारंवार आढळते. त्यामुळे केवळ फारसी जाणणारा किंवा केवळ मोडी जाणणारा वाचक त्या कागदापुढे अर्धाच ठरतो. काझींच्या पेटाऱ्यातून निघणाऱ्या कागदांत मोडीचे प्रमाण पाहून घरचीच मंडळी चकित होतात. वास्तविक त्यात आश्चर्य वाटण्यासारखे काही नाही, कारण गावचा वसूल, वतन आणि सरकारदरबार यांचा व्यवहार त्याच लिपीत होत असे.

आमच्याकडे माळ्यावर जुनी पुस्तके सापडली आहेत. प्रथम काय करावे?

प्रथम काहीही पुसू, झटकू किंवा चिकटवू नये. पुस्तक ज्या कापडात, ज्या पेटीत आणि ज्या क्रमाने सापडले, त्याचे छायाचित्र घ्यावे. सुटी पाने ‘नीट लावण्याचा’ मोह टाळावा, कारण विस्कटलेल्या पानांचा जुना क्रमही कधी कधी माहिती देतो. अरबी आणि फारसी हस्तलिखितांत पानाच्या तळाशी पुढच्या पानाचा पहिला शब्द लिहिण्याची रीत होती, आणि पृष्ठांक नसतानाही तिच्यावरून क्रम लावता येतो. हे काम आमच्यासमोर करणे अधिक सुरक्षित आहे. शेवटचे पान असल्यास त्याचे स्वतंत्र छायाचित्र पाठवावे, कारण लेखनिकाचे नाव, गाव आणि नकल पुरी केल्याची तारीख तेथे असते.

चिकटपट्टी कोणत्याही परिस्थितीत लावू नये. तिचा गोंद काही वर्षांत पिवळा पडून कागदात मुरतो आणि पट्टी सुटली तरी डाग व चिकटपणा मागे राहतो. प्लास्टिकचे लॅमिनेशन त्याहून वाईट, कारण ते पुन्हा काढता येत नाही. लॅमिनेट केलेली सनद भिंतीवर फार शोभते, आणि आमच्या दुरुस्ती विभागाला तिच्यासाठी जवळजवळ काहीच करता येत नाही.

आमचे पुस्तक हाताने लिहिलेले आहे की छापलेले, हे कसे ओळखावे?

शिळाप्रेसमध्ये कातिबाने (सुलेखनकाराने) लिहिलेला मजकूरच दगडावरून छापला जात असे. त्यामुळे अक्षर हाताचे दिसते आणि अनेक घरांत असे ग्रंथ हस्तलिखित समजूनच जपलेले असतात. भिंगातून पाहिल्यास हस्तलिखितात बोरू शाईत बुडवल्यानंतरचा गडद आणि पुढे फिकट होत गेलेला फराटा दिसतो, लाल शाईची शीर्षके दिसतात, ओळींची लांबी किंचित कमीजास्त होते. शिळाप्रेसमध्ये शाई सर्वत्र सारखी असते आणि पहिल्या किंवा शेवटच्या पानावर बहुधा छापखान्याचे नाव असते. २००३ मध्ये सुरू झालेल्या राष्ट्रीय हस्तलिखित मिशनच्या व्याख्येनुसार हस्तलिखित किमान ७५ वर्षे जुने आणि हातानेच लिहिलेले असावे लागते, म्हणजे शिळाप्रेसचे ग्रंथ त्यात बसत नाहीत. आम्ही मात्र त्यांचीही नोंद करतो. एकोणिसाव्या शतकात मुंबई हे अशा छपाईचे मोठे केंद्र होते, तेथे छापलेले ग्रंथ जहाजांनी आग्नेय आशियापर्यंत जात, आणि त्यांपैकी काहींच्या प्रती आज मोठ्या ग्रंथालयांतही सहज मिळत नाहीत.

कागदावरील वर्ष समजत नाही. ते कसे वाचावे?

येथे चूक होणे अतिशय सोपे आहे, म्हणून थोडे विस्ताराने सांगणे भाग आहे. धार्मिक ग्रंथांत बहुधा हिजरी वर्ष असते. हे चांद्र वर्ष सुमारे ३५४ दिवसांचे असल्यामुळे त्यात ठरावीक आकडा मिळवून इसवी सन निघत नाही. ढोबळमानाने हिजरी आकड्याला ०.९७ ने गुणून ६२२ मिळवावेत. दख्खनच्या सरकारी आणि वतनी कागदांत मात्र सुहूर सन असतो. तो मृग नक्षत्राबरोबर सुरू होतो आणि त्याचे आकडे अरबी शब्दांत लिहिलेले असतात. त्यात ५९९ किंवा ६०० मिळवले की इसवी सन मिळतो. तिसरा फसली, म्हणजे पीक-महसुलाचा, सन, त्यात ५९० किंवा ५९१ मिळवावे लागतात.

उदाहरणार्थ, ‘तिसा अर्बैन मया व अलफ’ म्हणजे नऊ, चाळीस, शंभर आणि हजार, एकूण ११४९. हा सुहूर सन असेल तर इसवी सन १७४८-४९ येतो. हाच आकडा हिजरी समजला तर १७३६-३७ आणि फसली समजला तर १७३९-४० येतो. बारा वर्षांच्या या फरकात कोकणातील एखाद्या किल्ल्याचा आणि त्याबरोबर गावाचा धनी बदललेला असू शकतो. म्हणून कागदावर नुसता आकडा दिसला तरी महिना, शिक्का आणि कागद कोणी दिला हे पाहिल्याशिवाय आम्ही वर्ष सांगत नाही.

कुराण शरीफची जीर्ण पाने आम्ही समुद्रात सोडतो किंवा पुरतो. हे चुकीचे आहे का?

चुकीचे मुळीच नाही. शहीद झालेली, म्हणजे जीर्ण होऊन फाटलेली, पाने पायदळी येऊ नयेत म्हणून ती स्वच्छ कापडात गुंडाळून पुरणे किंवा वाहत्या पाण्यात सोडणे ही अदबीची जुनी रीत आहे, आणि ती बदलण्याचा सल्ला देणे हे आमचे काम नाही. आमची विनंती इतकीच आहे की पाने पुरण्यापूर्वी किंवा सोडण्यापूर्वी एकदा आम्हाला पाहू द्यावीत.

या विनंतीमागे कारण आहे. जीर्ण पानांचे गाठोडे बांधताना घरातले सगळेच अरबी लिपीतले कागद त्यात जातात. ज्यांना ती लिपी वाचता येते पण भाषा येत नाही, त्यांना फारसी जमाखर्च आणि कुराणाची आयत यांतला फरक ओळखता येतोच असे नाही, आणि संशय आला की माणूस अदबीच्या बाजूला झुकतो. अशा रीतीने खाड्यांच्या तोंडाशी सनदा गेल्या, वैद्यकीच्या वह्या गेल्या, समुद्रवाटांची टिपणे गेली असणार. कोकणातील कागदांच्या हानीत कसर आणि वाळवी यांच्या खालोखाल या अदबीचाच वाटा असावा, असे आमचे मत आहे. शिवाय खुद्द कुराणाच्या प्रतींतही कोरी पाने, समासातल्या टिपा, घरातील जन्ममृत्यूच्या तारखा, वक्फ (धर्मादाय दान) केल्याची नोंद असे बरेच काही असते. आम्ही घरी येऊन, घरच्या माणसांसमोर गाठोडे उघडतो, ज्या पानांवर अशी नोंद आहे त्यांची छायाचित्रे घेतो आणि सर्व पाने पुन्हा बांधून देतो. पुढे ती पुरावीत की सोडावीत हा निर्णय घरच्यांचा किंवा गावच्या इमामसाहेबांचा.

केंद्रातील बिगरमुस्लिम कर्मचारी कुराण शरीफला हात लावतात का?

घराण्याची इच्छा विचारूनच काम दिले जाते. ज्या घरी वजूशिवाय (नमाजापूर्वी हातपाय-तोंड धुण्याच्या विधीशिवाय) स्पर्श नको असे सांगितले जाते, तेथे मुस्लिम सहकारी वजू करून पाने हाताळतात आणि इतर सहकारी छायाचित्रण व नोंद करतात. जतनशास्त्राच्या दृष्टीनेही हात धुऊन, पूर्ण कोरडे करून पान धरणे हीच योग्य पद्धत आहे. सुती हातमोजे घातल्यास बोटांना पानाची कड कळत नाही आणि ठिसूळ कागद फाटतो.

पावसाळ्यात ओल आणि कीड यांपासून पुस्तके कशी वाचवावीत?

कोकणात हा सर्वांत कठीण प्रश्न आहे, कारण जून ते सप्टेंबर हवेतील आर्द्रता बहुतेक वेळ ऐंशी टक्क्यांच्या वर असते आणि कागदाला साधारण ४५ ते ५५ टक्के मानवते. पासष्ट-सत्तरच्या वर बुरशी धरू लागते. त्यातही गावची कितीतरी घरे आज बंद असतात. मंडळी मुंबईत, कुवेतला, सौदीला किंवा पिढ्यान्‌पिढ्या केप टाउनला असतात आणि पुस्तके कुलपाआड ओल पीत राहतात. वापरात असलेल्या घरात चूल पेटते, खिडक्या उघडतात, माणसे वावरतात, म्हणून तेथली पुस्तके बंद घरातल्यापेक्षा बऱ्या स्थितीत असतात. तुमचे घर पावसाळाभर बंद राहणार असेल, तर पुस्तके गावातीलच एखाद्या राहत्या घरी हलवावीत.

पेटी भिंतीपासून वीतभर दूर आणि जमिनीपासून उंचावर ठेवावी. जांभ्याची भिंत पाणी शोषते आणि तिला टेकलेले कपाट मागून कुजते, हे समोरून कळत नाही. पुस्तके धुतलेल्या, खळ नसलेल्या सुती कापडाच्या बस्त्यात बांधावीत, प्लास्टिकच्या पिशवीत नव्हे. पिशवीत अडकलेली ओल बाहेर जाऊ शकत नाही. वेखंड आणि कडुनिंबाची सुकी पाने बस्त्याबाहेर, पेटीच्या कोपऱ्यात ठेवण्यास हरकत नाही. डांबरगोळ्यांची वाफ आरोग्याला चांगली नसते, त्या टाळाव्यात. उन्हात वाळत घालणे हा घरोघरी चालणारा उपायही घातक आहे. ऊन कागद ठिसूळ करते आणि शाई उडवते. पावसाची उघडीप पाहून सावलीत, वारा खेळता ठेवून पाने सैल करणे पुरेसे असते.

शाईप्रमाणे धोका बदलतो. काजळीची शाई शतकानुशतके काळी राहते, परंतु पाणी लागताच पसरते. लोहाची शाई पाण्याला तुलनेने दाद देत नाही, मात्र ओलीत ती कागदच खाते आणि अक्षरांच्या जागी भोके पडतात. जुन्या प्रतींच्या चौकटीतील हिरवी रेघ तांब्याच्या जंगाराची (गंजाच्या रंगाची) असेल तर पान नेमके त्या रेघेवर तुटते.

जाता जाता एक गमतीची गोष्ट. अनेक अरबी-फारसी हस्तलिखितांच्या पहिल्या पानावर ‘या कबीकज’ असे लिहिलेले आढळते. कबीकज हे एका विषारी वनस्पतीचे नाव, पण पुढे तो किड्यांचा राजा असल्याची समजूत रूढ झाली आणि त्याच्या नावाची दुहाई दिली की कसर पुस्तकाला शिवत नाही असे लेखनिक मानू लागले. ही विनवणीच कसरीने कुरतडलेली असल्याची उदाहरणे कमी नाहीत.

पुरात पुस्तके भिजली तर?

३ जून २०२० च्या निसर्ग चक्रीवादळानंतर आणि जुलै २०२१ मध्ये चिपळूण व महाड येथे आलेल्या पुरानंतर हा प्रश्न कोकणात कोणी काल्पनिक समजत नाही. भिजलेले पुस्तक उघडण्याचा प्रयत्न करू नये, ओला कागद स्वतःच्या वजनानेच फाटतो. चिखल लागला असेल तर पुस्तक बंद ठेवून हलकेच स्वच्छ पाण्याने धुवावे, परंतु काजळीच्या शाईचे हस्तलिखित असल्यास तेही करू नये. दोन दिवसांत बुरशी धरते, म्हणून त्याआधी पंख्याच्या वाऱ्यात, शोषकागद बदलत राहून वाळवणे सुरू झाले पाहिजे. संख्या जास्त असेल तर पुस्तके वेगवेगळी गुंडाळून गोठवून ठेवता येतात आणि पुढे सवडीने वाळवता येतात. मासळीच्या व्यवसायामुळे आपल्याकडे शीतगृहे जवळ आहेत, ही यातली सोयीची बाब.

ग्रंथ केंद्राला द्यावे लागतात का? सरकार ते ताब्यात घेईल का?

दोन्हींचे उत्तर नाही असेच आहे. आम्ही घरी येऊन छायाचित्रे घेतो, मूळ वस्तू घरातच राहते आणि डिजिटल प्रतीचा एक संच घराण्याला दिला जातो. कोणते कागद अभ्यासकांना दाखवावेत आणि कोणते नाहीत, हे लेखी संमतीपत्रात घराणेच ठरवते. निकाह, तलाक आणि वाटणी यांचे अलीकडचे कागद आम्ही स्वतःहून खुले करत नाही.

पुरावस्तू व कलासंग्रह कायदा, १९७२ याविषयी विनाकारण भीती आहे. त्या कायद्यानुसार ऐतिहासिक किंवा साहित्यिक महत्त्वाचे, ७५ वर्षांहून जुने हस्तलिखित पुरावस्तू ठरते, पण ते बाळगणे गुन्हा नाही. चित्रे किंवा नक्षीकाम असलेल्या हस्तलिखितांची भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाकडे नोंदणी करावी लागते, आणि अशी कोणतीही पुरावस्तू खाजगी व्यक्तीला देशाबाहेर नेता येत नाही. परदेशातील नातेवाइकांना भेट म्हणून आजोबांचे हस्तलिखित पाठवण्याचा विचार असेल, तर तो सोडून द्यावा. डिजिटल प्रत पाठवण्यास कोणतीच आडकाठी नाही.

आमचे पूर्वज अरबस्तानातून आले, हे केंद्र सिद्ध करून देईल का?

नाही. शजरा (वंशावळ) आम्ही वाचून देतो, त्याचे अक्षर आणि कागद साधारण कोणत्या काळातले वाटतात ते सांगतो, परंतु वंशाचे प्रमाणपत्र देत नाही. कोकणी मुसलमानांत फकीह आणि खतीब ही आडनावे आहेत, त्याचप्रमाणे सावंत, दळवी, सुर्वे आणि चौगुलेही आहेत. अरबी गलबतांचा आणि येथील कुळांचा हा मेळ शतकानुशतके चालत आला आहे. त्यातला एकच धागा ओढून दाखवण्यात अभ्यासाला रस नाही.

फतवा, तावीज किंवा जागेच्या दाव्यासाठी दाखला मिळतो का?

मिळत नाही. हे काम अनुक्रमे मुफ्ती, आमिल (तावीज देणारा) आणि महसूल कार्यालय यांचे आहे.

गावातील कबरीवर लेख आहे. तो कसा नोंदवावा?

जांभा भरड आणि सच्छिद्र असल्याने त्यावर बारीक अक्षर टिकत नाही. म्हणून कोकणातील लेख बहुधा काळ्या दगडाच्या वेगळ्या पाटीवर कोरून बसवलेले असतात. अक्षरांत खडू भरू नये, तेल किंवा चुना लावू नये, आम्लाने धुऊ नये. सकाळी किंवा संध्याकाळी तिरपे ऊन असताना, किंवा रात्री एका बाजूने विजेरी धरून छायाचित्र घेतल्यास पुसट अक्षरही उठून दिसते. दगड जागचा हलवू नये. नव्या फरशीच्या कामात जुनी पाटी काढून बाजूला टाकली जाते आणि पुढे ती कोणत्या कबरीची होती हे कोणालाच सांगता येत नाही. अरबी-फारसी लेखांसाठी भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाची स्वतंत्र शाखा नागपूरला आहे. महत्त्वाच्या लेखांची माहिती आम्ही तेथे कळवतो.

स्त्रियांच्या ज्ञानपरंपरेची नोंद होते का?

होते, आणि ती अधिक व्हायला हवी. इब्न बतूता चौदाव्या शतकात या किनाऱ्याने खाली होन्नावरला गेला, तेव्हा तेथील स्त्रियांना कुराण मुखोद्गत असल्याचे आणि त्या शहरात मुलींच्या तेरा आणि मुलांच्या तेवीस शाळा पाहिल्याचे त्याने लिहिले आहे. आपल्याकडे मात्र घरोघरी मुलांना कायदा (अरबी अक्षरओळखीचे पुस्तक) आणि सिपारा (कुराणाचा भाग) शिकवणाऱ्या स्त्रियांची नावे कोणत्याही वहीत नाहीत. हळदीची, मेंदीची आणि पाठवणीची कोकणी गाणी, मौलूदाच्या (पैगंबरांच्या स्तुतिगायनाच्या) चाली, सांदणापासून बाळंतपणाच्या काढ्यांपर्यंतचे ज्ञान हे सर्व त्यांच्याच तोंडी आहे. ग्रियर्सनच्या भाषिक सर्वेक्षणातील मराठीच्या खंडात (१९०५) बाणकोटी बोलीची दखल आहे, त्यानंतर या बोलीकडे पुरेसे लक्ष गेलेले नाही. ध्वनिमुद्रणासाठी आमच्या महिला सहकारी येतात, आणि मुद्रण कोणी ऐकावे हे सांगणारीच ठरवते.

अभ्यासकांनी आणखी कोठे शोध घ्यावा?

मुंबई विद्यापीठाच्या ग्रंथालयात अरबी, फारसी आणि उर्दू हस्तलिखितांचा संग्रह असून त्याची छापील सूची १९३५ मध्ये निघाली. आसफ फैझी यांनी दिलेली इस्माइली हस्तलिखितेही तेथेच आहेत. १८७४ मध्ये स्थापन झालेल्या अंजुमन-ए-इस्लामच्या उर्दू संशोधन संस्थेत आणि कोकणी मुसलमानांच्या व्यवस्थेखालील मुंबईच्या जामा मशिदीच्या कुतुबखान्यातही (ग्रंथालयातही) ग्रंथ आहेत. मोडी कागदांसाठी पुण्याचे पेशवे दफ्तर आणि भारत इतिहास संशोधक मंडळ गाठावेच लागते.

या कामात सहभागी व्हायचे असेल तर कोणती तयारी लागते?

मोडी येत असेल तर लगेच काम मिळेल, फारसी येत असेल तर त्याहून लवकर. दोन्ही येत नसल्यास छायाचित्रण, नोंदपत्रके भरणे आणि बस्ते शिवणे यांपासून सुरुवात करता येते. घरभेटी दसऱ्यानंतर सुरू होतात आणि मेअखेर थांबतात. पावसाळ्यात बस्ते उघडणे योग्य नसल्याने ते चार महिने वाचन आणि सूचीकरण चालते. आखातातील मंडळी मे महिन्याच्या सुट्टीत गावी येतात व बंद घरे तेवढ्यापुरती उघडतात. त्यामुळे त्या महिन्यातील भेट हवी असेल तर रमजान आणि ईदचे दिवस वगळून, शक्यतो मार्च संपण्यापूर्वी कळवावे.